पिऊन गाडी हाकू नका



बाजार उठतो. कोणी थोडी घेतो आणि म्हणतो, "एवढ्यानं काय होतंय? गाडी नीट नेतो की!" पण दादा, कायदा तुमचे बोलणे ऐकत नाही. तो दारू मोजतो. पोलीस यंत्राच्या नळीत फुंकायला लावतात. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली, की गुन्हा झाला. मग फटफटी असो की ट्रॅक्टर.

पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. पकडल्यापासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. नाहीतर सोडावे लागते. हा तुमचा हक्क आहे. जामीनही मिळतो, पण खटला चुकत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. परवानाही जाऊ शकतो.

दहा हजारांत घरात किती धान्य येते, हिशेब करा. आणि वाटेत कोणाचे लेकरू चाकाखाली आले, तर? तो हिशेब कोणत्याच कोर्टात मिटत नाही.

म्हणून आपण ठरवू या : पिणाऱ्याला रात्री ठेवून घेऊ, पण किल्ली देणार नाही.