कर्णनाद आणि मेंदूचे चुंबकीय उद्दीपन

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. वाई-साताऱ्याकडचा रुग्ण हे नाव घेत नाही. कान वाजतो, कानात शिट्टी बसली आहे, रात्री डोक्यात रातकिडे किरकिरतात, असे तो सांगतो. तक्रार जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. प्रौढांपैकी १० ते १५ टक्के लोकांना तो जाणवतो. बहुतेकांना त्याची सवय होते. थोड्यांची मात्र झोप, कामातले लक्ष आणि उमेद तो पोखरून काढतो. सहा महिन्यांहून अधिक टिकला की तो जुनाट धरतात. चुंबकीय उद्दीपनाचा विचार होतो तो या थोड्यांसाठी.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, देवळापाशी, वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. टोला पडला की तिचा नाद कृष्णेच्या पात्रावर क्षणभर रेंगाळतो आणि विरतो. कर्णनादात टोला नसतो आणि विरणेही नसते, कारण तो नाद मेंदूच घडवत असतो. वयाने, गोंगाटाने किंवा औषधांनी आतल्या कानातल्या केशपेशी खराब झाल्या की मेंदूकडे जाणारे संदेश रोडावतात. ही तूट भरून काढण्यासाठी मेंदूतली श्रवणकेंद्रे आपली संवेदनक्षमता वाढवतात. रेडिओवर स्टेशन नीट लागत नाही म्हणून आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसे हे होते. श्रवणाची नस कापल्यावरही काहींचा आवाज थांबत नाही, तो यामुळेच. चांगले ऐकू येणाऱ्यांच्या मेंदूतही ही खरखर असते. १९५३ साली अमेरिकेत ८० निरोगी माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचे सांगितले.

मूळ मेंदूत असेल तर उपायही तिथे करून पाहावा, हा चुंबकीय उद्दीपनामागचा विचार. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले होते. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा वरचा थर. अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये शेफिल्डला कवटी न उघडता हे करून दाखवले. डोक्याशी धरलेल्या कॉइलमधून मिलिसेकंदाहून कमी काळ जोरदार प्रवाह सोडतात. त्यातून उठणारे क्षेत्र एमआरआय यंत्राइतके, म्हणजे दीड-दोन टेस्लांचे असते, पण त्याचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरच आत पोचतो.

मात्रा ठरवण्याची रीत पाहण्याजोगी आहे. कॉइल आधी हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर धरतात आणि जोर हळूहळू वाढवत नेतात. मांडीवर सैल ठेवलेल्या हाताचा अंगठा एकदम उडतो, रुग्ण चकित होऊन त्याच्याकडे पाहतो. ज्या जोराला अंगठा उडतो, तो त्या माणसाचा उंबरठा. उपचाराचा जोर त्यावरून ठरतो. मग कॉइल कानाच्या वर, श्रवणकेंद्राच्या बाजूला सरकवतात. सेकंदाला एक अशा संथ स्पंदनांनी पेशींची उत्तेजना उतरते, तर जलद स्पंदनांनी चढते. म्हणून कर्णनादासाठी बहुधा संथ गती घेतात. एका बैठकीत २००० स्पंदने, म्हणजे तेहतीस मिनिटांहून थोडे अधिक, आणि अशा दहा बैठका. प्रत्येक स्पंदनाला कॉइल मोठ्याने खटकते. ज्याचा कानच दुखणाईत आहे, त्याच्या कानात बोळे घालणे इथे सक्तीचे असते.

जर्मनीत २००३ च्या सुमारास पहिले प्रयोग झाले आणि आशा बळावली. अनेक चाचण्या एकत्र तोलणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि २३३ रुग्ण होते; आधार तोकडा निघाला. अमेरिकेत पोर्टलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातली २०१५ ची चाचणी उमेद वाढवणारी ठरली. खरे उद्दीपन मिळालेल्या ३२ पैकी १८ जणांना आराम पडला, तुलनेसाठी लटके, म्हणजे नुसता देखावा असलेले, उद्दीपन मिळालेल्या ३२ पैकी ७ जणांना. पण जर्मनीत अनेक केंद्रांवर, दुपटीहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला, आणि खऱ्या-लटक्यात फरक दिसला नाही.

ही तफावत समजण्याजोगी आहे. श्रवणकेंद्राचा बराचसा भाग खोल घडीत दडलेला असल्याने कॉइलचा जोर तिथे नीट पोचत नाही. खटका आणि टाळूवरची टकटक हुबेहूब नसेल, तर लटकी कॉइल रुग्ण ओळखतो. शिवाय कर्णनाद हा एकच आजार नाही. गोंगाटाने आलेला, औषधाने आलेला, मानेच्या स्नायूंशी जोडलेला, असे सगळे एका चाचणीत भरले की सरासरी काहीच बोलत नाही. पोर्टलंडला लटक्या उद्दीपनानेही आराम पडलेल्या त्या सात जणांकडेही नीट पाहिले पाहिजे. ते दहा दिवस आले, अर्धा-अर्धा तास बसले, आणि त्यांच्या आवाजाची कोणीतरी मन लावून चौकशी केली. आराम खराच होता, पण तो चुंबकाचा नव्हता.

अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच नेहमीच्या उपचारात ही पद्धत सुचवू नये असे सांगितले. नंतरच्या पुराव्यानेही तो सल्ला बदलावा असे काही दिले नाही. वाईच्या रुग्णाला सलग दहा दिवस पुण्याला पाठवायचे, म्हणजे दर खेपेला जवळजवळ ९० किलोमीटर, बुडालेला रोज आणि यंत्राचे पैसे. इतक्या पुराव्यावर हे मागणे अन्यायाचे आहे.

त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. मळ काढणे, श्रवणचाचणी, ॲस्पिरिन किंवा जेंटामायसिनसारख्या औषधांची विचारपूस. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीबरोबर ठोके देत असेल, तर पुढचा तपास. साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी वर्षे काढलेल्या कामगाराची ऐकण्याची तूट श्रवणयंत्राने भरली, की आतली खरखर अनेकदा मागे पडते. त्रास कमी करण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात त्याच्या २८ चाचण्या आणि २७३३ रुग्ण आहेत. आवाज तसाच राहतो, पण त्याची धास्ती उतरते. 'याला इलाज नाही, सवय करा' एवढे बोलून रुग्णाला परत पाठवणे म्हणूनच चूक आहे.

चुंबकाची जागा तूर्त दोन ठिकाणी उरते. एक, संमती घेऊन होणाऱ्या चाचण्या. दुसरी, कर्णनादाबरोबर औषधांना न जुमानणारे नैराश्य असलेले रुग्ण. नैराश्यासाठी अमेरिकेत या यंत्राला २००८ पासून मान्यता आहे. अपस्मार, डोक्यातला धातू किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर ते वापरू नये; इतरांत झटका येणे अगदी विरळा. ज्याच्यावर ते वापरले, त्या रुग्णाचा कर्णनादाच्या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला शंभरपैकी गुणांक उपचाराआधी, उपचार संपताना आणि तीन महिन्यांनी असा तीनदा नोंदवावा, आणि तो घेणारा माणूस यंत्र चालवणारा नसावा.