श्वासाचे शास्त्र आणि नोंदणीचे नूतनीकरण



एकदा पदवी मिळाली की माणूस जन्मभर डॉक्टर, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कायदा मात्र तसे मानीत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या मुदतीत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक जमा व्हावे लागतात. पुष्कळांना ही अट कागदी वाटते. दिवे मंद केलेल्या सभागृहात बसून सहीपुरते श्रेयांक मिळविणारेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही श्वसनरोगाचे एक उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

जिनिंगमधील कापसाची धूळ, विडी-सिगारेट आणि सातपुड्याच्या पाड्यांवरील चुलीचा धूर यांनी फुप्फुसे कायमची निकामी होत गेलेले रुग्ण खानदेशातील डॉक्टरांना अपरिचित नाहीत. असा रुग्ण धापा टाकीत आला की प्राणवायूची तोटी पूर्ण उघडावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या विकारात जादा प्राणवायूमुळे रक्तात कर्बवायू साठतो, रुग्ण गुंगीत जातो आणि प्रसंगी दगावतो. हा धोका शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होता. त्याची किंमत किती, हे पुढे मोजले गेले. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रुग्णवाहिकेतच प्राणवायू मोजून देण्यात आला, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आढळले. अशा रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ८८ ते ९२ टक्के राखावी, ९८चा हव्यास धरू नये, असे आज सांगितले जाते. जुन्या पदवीधराला हा आकडा नव्याने शिकावाच लागतो.

आणि रात्री दोन वाजता ती तोटी कोणाच्या हाती असते? बहुधा परिचारिकेच्या किंवा तंत्रज्ञाच्या. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने श्वसन तंत्रज्ञाला कायद्याच्या सूचीत स्थान दिले, हे योग्यच झाले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. नळी, झडप आणि दाबमापक यांचे ज्ञान हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्या दिवशी साऱ्या राज्याने पाहिले.

आता पंचायत सदस्यांना थोडे स्पष्ट सांगतो. साक्री किंवा यावलच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर दोन दिवस प्रशिक्षणाला गेले की खुर्ची मोकळी दिसते आणि तक्रार अर्ज येतो. अर्ज अवश्य करावा. पण त्यात बदली डॉक्टरची मागणी असावी. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. श्रेयांकांसाठी मुंबई-पुण्याची वाट धरण्याऐवजी तेथेच प्रात्यक्षिकांसह एक दिवसाचे वर्ग भरावेत, त्यात परिचारिका व तंत्रज्ञांनाही बसवावे, आणि थंडीत दम्याचे रुग्ण वाढण्यापूर्वी, दिवाळीच्या आत, पहिला वर्ग व्हावा, असा ठराव आपण आपापल्या सभेत मांडावा.