ऊसरोपांचा धंदा : आधी गिऱ्हाईक, मग ट्रे
(कबनूर येथे तरुण शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो सुमारे दोन वर्षे खपला नाही. नांगर थांबू शकला. उसाचे रोप थांबत नाही. एक डोळा पद्धतीचे रोप २५ ते ३५ दिवसांत लावणीस येते. पुढे ट्रेमध्ये मुळ्या गुंडाळतात. असे रोप फुकट दिले तरी नेणाऱ्याचे नुकसानच.

म्हणून आधी वहीत मागणी लिहा. साडेचार बाय दोन फुटांवर एकरी ४,८४० रोपे बसतात; नांग्यांसाठी थोडी जादा धरा. आडसालीची लावण १५ जुलै ते १५ ऑगस्ट; तेथून महिनाभर मागे मोजून डोळे लावा. सगळे ट्रे एकदम भरू नका, आठवड्याच्या अंतराने भरा. पाऊस लांबला तरी सगळा माल अंगावर येत नाही.

बेणे मात्र ९ ते ११ महिन्यांच्या निरोगी बेणेमळ्यातलेच. खोडव्याचे स्वस्त पडते खरे, पण त्यातून गवताळ वाढीचा रोग गावभर वाटाल.

निम्मी रक्कम मागणीवेळीच घ्या. भाऊबंदांकडे मागताना जीभ अडखळते, तरी घ्या. ‘ऊस गेल्यावर देतो’ म्हणणाऱ्याचा आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी जातो; तुमच्या मजुरांना पगार आठवड्याच्या बाजारादिवशी लागतो.