फोन कुणाचा, बातमी कुणासाठी?

ऑनलाइन बातम्या देणाऱ्यांना आपला वाचक कसा कळतो? बातमी किती फोनवर उघडली, किती वेळ पाहिली, कुठल्या शहरातून, याचे आकडे त्यांना मिळतात. पण आकडा फोनचा असतो, माणसाचा नव्हे. आपल्या घरात फोन एकच, तोही ह्यांचा. रात्री भांडी आवरून त्यावर रेशनची बातमी आपण बघितली, तरी हिशेबात वाचक म्हणून हेच! पुढच्या बातम्याही मग ह्यांच्याच आवडीच्या येतात.

उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' निघालं. बातमी आणणाऱ्या, लिहिणाऱ्या सगळ्या बायका, त्यात दलित बायका बऱ्याच. भाषा तिथली बुंदेली, कारण वाचणारे खेड्यातले, कित्येक तर नुकतेच वाचायला शिकलेले. पुढे छापणं थांबलं आणि बातमी फोनवर व्हिडिओतून येऊ लागली. आता वाचता न येणारीही ती ऐकते. वाचक आधी ठरला, म्हणून भाषा ठरली. आम्हाला हेच पटतं.

आपल्या रेडिओवर कुणाचा फोन आला, की आम्ही हल्ली एक जादा प्रश्न विचारतो: ऐकायला घरात अजून कोण कोण बसलंय?