संध्याकाळचा एक तास

तव्यावर भाकरी असेल तर आधी ती उतरवा आणि पाच मिनिटं माझ्याकडे कान द्या. आज बचतीचं, हप्त्याचं काही नाही. आज खो-खोचं बोलायचंय. आपल्यापैकी बहुतेकजणी शाळेत खो-खो खेळल्यात, आणि सातवी-आठवीत बहुतेकींचा तो सुटलाय.

धाराशिवच्या सारिका काळेचं नाव ऐकलंय का? जवळजवळ दहा वर्षं घरात दिवसातून एकदाच जेवण व्हायचं, असं तिनं स्वतःच सांगितलंय. आई शिवणकाम आणि घरकामं करायची. तेराव्या वर्षी पोरगी मैदानावर गेली. शिबिराला, स्पर्धेला गेलं की जरा चांगलं खायला मिळायचं, हेही तिनं सांगितलंय. 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं, तेव्हा कर्णधार तीच होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. तोवर ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली होती.

पण मला पदकापेक्षा तिच्या आजीचं सांगायचंय. त्याच 2016 साली घरातल्या पैशाच्या अडचणीनं सारिका पार खचली. खेळ सोडायचं ठरवून खोलीत कोंडून बसली. तेव्हा ही गोष्ट आजीनं प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांच्या कानावर घातली. त्यांनी समजूत काढली आणि पोरगी मैदानावर परत आली. पोरगी गप्प झालीय हे आजीला दिसलं, आणि कुणाला सांगायचं हे तिला ठाऊक होतं. एवढं तर आपल्या गटातली कुठलीही बाई करू शकते, त्याला मैदानाची मापं माहीत असायची गरज नाही.

आपल्याकडे पोरगी खेळ सोडते तेव्हा ती दार लावून बसत नाही. पाणी भरायला लागते, धाकट्याला सांभाळायला लागते, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. पाळी सुरू झाली की 'आता पुरे' म्हणतात. मग पाहुणे यायला लागतात. वय अठरा नसतं, पण 'स्थळ चांगलंय' म्हणतात. रोज मैदानावर येणारी पोरगी दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी विचारायला कुणीतरी घरी जातं. मला मैदानाचा हा उपयोग सगळ्यात मोठा वाटतो.

खो-खोला खर्च तरी काय? दोन खांब आणि आखायला चुना. आठजणी पाटीवर आलटून-पालटून उलट तोंडं करून बसतात, नववी धावते. खो मिळाला की बसलेलीनं उठायचं, आणि एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. (संसारासारखंच, असं आमच्या गटातल्या एक काकू म्हणतात.) एकटी कितीही जोरात पळाली तरी भागत नाही, वेळेवर दुसरीला खो द्यावाच लागतो. ती वस्तीवरची की गावातली, हे बघायला तेव्हा कुणाला सवड नसते.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचीच. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तेही घरच्या पुरुषांना जरूर सांगा. कधीकधी तेवढ्यानंही परवानगी मिळते.

आता काम. पुढच्या बैठकीत वसुली झाली की हा विषय घ्या. संध्याकाळी मैदानाजवळ बसायला दोघी-दोघींच्या पाळ्या लावा. तिथं बाई बसलेली दिसली की आया पोरींना पाठवतात, आमच्याकडे हाच अनुभव आहे. शेंगदाणे आणि गूळ घरोघरी मूठभर गोळा करा. रिकाम्या पोटी पळवू नका. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती पोरगी खरंच गिळते का, तेवढं विचारा. आणि पाळीच्या दिवसात खेळायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.

चुना कुठून आणायचा हे विचारायला शाळेतल्या खेळाच्या सरांकडे दोघीजणी मिळून जा. येते मी. नमस्कार.