अंतर संपतं तिथे



मुलांनो, मघाशी मैदानावर तुम्ही हेयान काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, केलेत, ते मी मन लावून पाहिले. वळताना नजर आधी जात होती, शरीर मागून. कराटे शिकवणाऱ्याला याहून मोठा पाहुणचार नाही. नंतर काही मुलांनी मला गाठून विचारलं, "सर, कराटेच्या जोडीला अजून काय शिकू?" आज त्याबद्दलच बोलतो.

जिथे कराटेची ताकद कमी पडते, तिथलं शिका. कराटे मुख्यतः ठोशा-लाथेच्या अंतरावर चालतं. कुणी कॉलर धरली, कमरेला मिठी घातली, की ते अंतर संपलं. तायक्वांदो उत्तमच, पण तेही याच अंतरावरचं. बॉक्सिंगने डोकं चुकवायला शिकाल, तेही हवंच. पण माझी पहिली पसंती ज्यूदोला किंवा आपल्या कुस्तीला.

ही जोडी कुणी आज जुळवलेली नाही. 1922 साली ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला आले, तेव्हा त्यांना कोदोकान या ज्यूदोच्या शाळेत बोलावून घेतलं ते ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी. तुमच्या अंगावरचा पांढरा गी आणि कमरेचा ब्लॅक बेल्ट कराटेत आला तो ज्यूदोकडून. फुनाकोशींनी 1935 च्या 'कराटे-दो क्योहान' या ग्रंथात फेकीचे डावही दिले आहेत. कानो स्वतः जुजुत्सूच्या एका परंपरेवर थांबले नाहीत. आधी तेन्जिन शिन्यो-र्यू, मग फेकींसाठी प्रसिद्ध असलेली कितो-र्यू शिकले आणि 1882 मध्ये त्यांनी कोदोकान स्थापन केलं.

ज्यूदोत सुरुवातीला पडायलाच शिकवतात. मुलं कंटाळतात, पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाची शिकवण तीच. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. हात मागे टेकायचा नाही, मनगट मोडतं. तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात अंगाच्या बाजूला सपाट आपटायचा आणि श्वास सोडायचा. ओल्या जिन्यावरून पाय सटकला तरी हे शिक्षण कामी येतं.

आणखी एक. ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी का ओढायची, असं तुम्ही नेहमी विचारता. ज्यूदोत समोरच्याची बाही धरून ओढून पाहा. त्याचा तोल पुढे जातो, तो तुमच्या अंगावर येतो, आणि कातामधली ती मूठ रिकामी नव्हती हे तुमच्या हातालाच कळतं.

ज्यूदोचा क्लास जवळ नसेल तर कुस्तीची तालीम शोधा. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. तांबड्या मातीत पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आणि पट सोडवायला शिकलात, तर कमरेला मिठी पडल्यावर घाबरायचं कारण उरत नाही. मुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. साक्षी मलिकने 2016 मध्ये रिओत कुस्तीचंच कांस्यपदक जिंकलं.

घाई मात्र नको. ब्राऊन बेल्टच्या आसपास पोचेपर्यंत एकच विद्या धरा. कराटेत पाठ ताठ, कुस्तीत अंग पुढे झुकलेलं. पाया पक्का नसताना दोन्ही सुरू केलंत तर धड एकही पवित्रा उभा राहत नाही. आणि आपल्या सेन्सेईंना सांगून, त्यांची परवानगी घेऊनच जा.

पालकांना एक विनंती. मुलाचं नाव घालण्यापूर्वी तासभर तिथे बसून पाहा. वस्ताद नवख्याला आधी पडायला शिकवतात, की पहिल्याच दिवशी जाणत्या पैलवानासमोर उभं करतात? उभं करत असतील, तर दुसरी तालीम बघा.