परतीचा प्रवास



संयोजकांनी मला 'परदेश प्रवासाचे अनुभव' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आपल्यातले निम्मे लोक आता मुलांकडे नाहीतर भावाबहिणींकडे जाऊन आलेत, त्यामुळे ऱ्हाइन नदीचं वर्णन करून मी तुमचं जेवण लांबवत नाही. मी फक्त परत येण्याबद्दल बोलणार आहे.

माझी धाकटी बहीण जर्मनीत श्टुटगार्टला असते. २०२३ मध्ये तिच्या बाळंतपणाला आई गेली, वय वर्षं बहात्तर, एकटी. जुलैत मी पंधरा दिवस गेले, ते बाळाला बघायला आणि आईला घेऊन यायला. तारीख आम्ही ठरवली नव्हती, व्हिसानं ठरवली होती. युरोपातल्या शेंगेन देशांत पाहुणा म्हणून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यात गंमत अशी, की पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं निम्मं आयुष्य असल्या 'एकानं चुकतंय' प्रकारच्या हिशोबात जातं, म्हणून मी तिकीट एकोणनव्वदाव्या दिवसाचं काढलं होतं. एक दिवस हाताशी.

त्या पंधरा दिवसांतली एकच सहल सांगते, कारण ती विषयाला धरून आहे. आईला घेऊन मी रेल्वेनं वीसलोख नावाच्या छोट्या गावी गेले. शेजारीच वालडॉर्फ आहे, तिथे सॅप कंपनीचं मुख्यालय. माझ्या धंद्यातल्या लोकांना ते नाव पाठ असतं. वीसलोखमध्ये मात्र एक औषधाचं दुकान बघायचं होतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ही बाई, नवऱ्यानं बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्टसहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तोवर मोटारीनं इतक्या लांब कुणी गेलंच नव्हतं. इंधन संपत आलं तेव्हा तिनं या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे डाग काढायचं द्रावण, विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. हे सगळं मी आईला उत्साहानं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "पण एवढी ती निघाली होती कुठं?" म्हटलं, "आईकडे." फोर्टसहाइम हे तिचं माहेर. आई म्हणाली, "मग बरोबर आहे. माहेरी निघालेली बाई काय थांबते?"

आता परतीचं. श्टुटगार्टहून फ्रांकफुर्टला पोचलो आणि पुढचं मुंबईचं विमान तांत्रिक बिघाडामुळे रद्द. विमान कंपनीचं नाव घेत नाही. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, म्हणजे नव्वदावा दिवस. हाताशी ठेवलेला दिवस असा गेला. युरोपातल्या विमानतळावरून सुटणारं विमान रद्द झालं तर हॉटेल आणि जेवण कंपनीनं द्यायचं असतं, आणि कारण तिच्याच गोटातलं असेल तर ३५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरो भरपाईही. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि लेखी मागा. आम्हाला चार महिन्यांनी मिळाले.

मुंबईला उतरलो, आईची मोठी बॅग नाही. तिथेही एक लक्षात ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. फुटून आली तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली तर ती हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत. आईची औषधं तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती, त्यामुळे माझा जीव भांड्यात होता. तिचा नव्हता. त्या बॅगेत काय होतं ते ती सांगेना.

गाडी मुलुंडला मावशीकडे ठेवली होती. बाबांची जुनी गाडी, जायच्या आधी महिनाभर सर्व्हिसिंग करून घेतलेली. पंधरा दिवस पावसात उभी राहून बॅटरी उतरली होती. वॉचमननं शेजारच्यांच्या गाडीला वायर जोडून ती सुरू करून दिली, आणि संध्याकाळी पाचला आम्ही वाईकडे निघालो. बोरघाटात वाहतूक तुंबलेली, पुणं ओलांडायलाच नऊ वाजले.

खंबाटकी घाट चढताना, साडेदहाच्या सुमारास, समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. आधी वाटलं, सकाळचंच दुखणं. पण लगेच स्टिअरिंग जड झालं आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. तीन वेगवेगळे बिघाड एकाच मिनिटात होत नसतात, त्यांना जोडणारं काहीतरी एकच तुटलेलं असतं. कडेला रुंद जागा बघून गाडी लावली, चाकामागे दगड ठेवले, दिवे लुकलुकत ठेवले. धुकं, पाऊस आणि शेजारून ट्रक. १०३३ हा महामार्गाच्या मदतीचा नंबर, तो सगळ्यांनी मोबाइलमध्ये ठेवा. मी लावला. क्रेन पुढे उलटलेल्या ट्रकपाशी होती, वेळ लागणार होता.

मग आपल्या ग्रुपवर टाकलं. दोन मिनिटांत सात सल्ले आले. न्यू जर्सीतल्या एकानं विमा पॉलिसीचा नंबर शोधायला सांगितलं, एकीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आणि एक फोन आला. तो कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल, मागच्या रांगेत बसून तो आत्ता मान खाली घालतोय. ग्रुपवर तो एरवी एक अक्षर लिहीत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "स्टिअरिंग जड झालंय? गाडी कुठल्या सालची? बेल्ट गेलाय. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको, भाजशील. येतो."

वाईहून येणाऱ्याला त्या घाटात सरळ येता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. साताऱ्याकडून येणारी वाहनं बोगद्यातून खंडाळ्याच्या बाजूला जातात. तिथून वळून पुन्हा घाट चढायचा. त्याआधी त्यानं पार्टवाल्याला झोपेतून उठवलं. दीड तास लागला.

त्या दीड तासात आई रडली. श्टुटगार्टच्या विमानतळावर ती रडली नव्हती. बहीण रडायच्या बेतात होती तर आईनं तिला मेथीचे लाडू रोज किती खायचे ते पुन्हा सांगितलं होतं. आता काळोखात मला म्हणाली, "मी रडले असते तर तीही रडली असती. ओल्या बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." मग थोड्या वेळानं, "नव्वद दिवस म्हणे. बाळंतपणाला आलेल्या आईला कुणी दिवस मोजून देतं का गं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम मला तोंडपाठ होता, त्याचा काही उपयोग नव्हता. गुडघ्यांमुळे आपल्याला परत जाणं जमणार नाही, हे तिनं बहिणीला सांगितलेलं नव्हतं. मलाही ते तिथेच कळलं.

तो मोटारसायकलवर आला, बेल्ट गळ्यात अडकवून, वरून रेनकोट. सर, हा तुमच्या तासाला अर्धा वेळ वर्गाबाहेर उभा असायचा. त्यानं मला टॉर्च धरायला लावला आणि काम करता करता शिकवलं: हा एकच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो, स्टिअरिंगचा पंपही. तुटलेल्या तुकड्यावर जुन्या भेगा होत्या. सर्व्हिसिंगच्या बिलात 'बेल्ट तपासला' अशी ओळ होती, पैसेही लावले होते. तो बिल वाचून हसला फक्त.

आईनं त्याला पिशवीतला दोन दिवसांचा ब्रेत्झेल दिला. "काकू, ही कसली खारी? दात पडतील," म्हणत त्यानं सगळा खाल्ला. मग विचारलं, तिकडे कसं असतं? त्याच्या मुलाला जर्मनीत मोटार दुरुस्तीचं शिक्षण घ्यायचं होतं. साडेतीन वर्षांचं, कामावर शिकायचं, पगारासह; त्यासाठी पोरगं पुण्यात जर्मन भाषेचा क्लास करत होतं. मी कागदपत्रांचं वगैरे सांगितलं. पान्यानं शेवटचा नट आवळता आवळता तो म्हणाला, "आणि मी भेटायला गेलो, तर मला किती दिवस राहता येईल?"

मी आईकडे पाहिलं. तिनंच सांगितलं, "नव्वद."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बघ, स्टार्ट कर."

पैसे त्यानं घेतले नाहीत, बेल्टचेही नाहीत. पार्टवाल्याकडे जाऊन मी ते परस्पर दिले, हे त्याला आज कळतंय.

बॅग पाचव्या दिवशी घरपोच आली. वर आईचे कपडे, तळाशी बाळाची पहिल्या महिन्यातली, आता आखूड झालेली चार झबली. तिनं ती धुवायला टाकू दिली नाहीत.

त्याचा मुलगा गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. श्टुटगार्टहून तासाभराच्या अंतरावर हाइलब्रोनला राहतो. आईनं बहिणीला बजावलंय, त्यामुळे महिन्यातल्या एका रविवारी तो तिच्याकडे पिठलं-भात खायला जातो, आणि जाताना भाच्याची तीनचाकी दुरुस्त करून देतो.